कपभरच कॉफी हवी, तर घरात काय ठेवावं?

कडूगोड
आमचं घर पक्कं चहाचं. सकाळी साडेसहाला सासूबाईंचा आलं-गवती चहा उकळायला लागतो, त्यात नवरा आणि दीर वाटेकरी. कॉफी पिणारी मी एकटी, म्हणून इतकी वर्षं बरणीतल्या इन्स्टंटवर भागवत आले. दिवाळीला बंगळुरूहून बहीण आली, तिनं ताजी भाजलेली, बिनचिकोरीची, म्हणजे शुद्ध कॉफीची पावडर आणली. ती पातेल्यात उकळून चहाच्या गाळणीनं गाळून प्यायले. तोंडात चोथा आला, तरी इन्स्टंटकडे परत जावंसं वाटेना.

तर आता काहीतरी साधन घ्यायचंय. एका वेळी एकच कप, दीडशे-दोनशे मिली. सकाळी दूध घालून, दुपारी जमलं तर काळी. घरूनच काम करते, पहिल्या कॉलआधी हातात दहा मिनिटं असतात. ओट्यावरची जागा मिक्सर, आरओ आणि इंडक्शननं खाल्लीय, त्यामुळे मोठं मशीन नको. बजेट तीन हजार, फार ताणलं तर चार. व्हिडिओ पाहून पाहून डोकं फिरलंय. साउथ इंडियन फिल्टर, फ्रेंच प्रेस, मोका पॉट, एरोप्रेस, व्ही-६०, प्रत्येकाचं म्हणणं आमचंच खरं. तुम्ही रोज काय वापरता, आणि मुख्य म्हणजे नव्याचे नऊ दिवस संपल्यावरही वापरता का, ते सांगा. मी बजाजनगरला राहते. नागपुरात हातात घेऊन बघायला कुठे मिळेल?

डिकॉक्शनमामा
साउथ इंडियन फिल्टर घ्या आणि धागा बंद करा.

स्टीलचा दोन मजली डबा असतो. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं, खालच्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, जमतं. सगळ्यात लहान आकाराचा मागा. मोठ्या फिल्टरमध्ये एका कपापुरती पावडर घातली की थर पातळ बसतो, पाणी भसकन खाली जातं आणि डिकॉक्शन पाणचट होतं. दोन मोठे चमचे पावडर, वरून चकती हलकेच दाबायची, खळखळ उकळलेलं ऐंशी-शंभर मिली पाणी ओतायचं आणि झाकण ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत काम फत्ते. रात्री झोपताना लावून ठेवलं तर सकाळी फक्त दूध तापवायचं, म्हणजे तुमच्या दहा मिनिटांतली सात उरली.

इतवारीत भांड्यांच्या दुकानांत मिळेल, दोन-चारशे रुपयांत. उरलेल्या पैशांची पावडर आणा.

वऱ्हाडी पाहुणा
एका कपासाठी एवढा कुटाणा काहून करून राह्यले बावा? गंजात (पातेल्यात) पाणी उकळा, शेगडी बंद करा, पावडर टाका, ताट झाका, पाच मिनिटानं फडक्यानं गाळा. पैसा लागत नाई, जागा लागत नाई. आमच्या घरी आजीपासून असंच चालू हाय.

ऊनसावली
मामा, दुधाच्या कॉफीसाठी तुमचं म्हणणं मान्य. पण त्यांना दुपारी काळी हवी आहे. चिकोरीवाल्या डिकॉक्शनमध्ये नुसतं गरम पाणी घालून कुणी आवडीनं पितं का? शिवाय रात्री लावायचं विसरलं की सकाळी वीस मिनिटं थेंब मोजत बसा. भोकं बुजली की वरचं भांडं गॅसवर तापवून सुईनं टोचा. हे सगळं सांगायचं राहिलं तुमचं.

डिकॉक्शनमामा
चिकोरी घालायची सक्ती कुणी केली आहे का? बिनचिकोरीची पावडरही फिल्टरमध्ये चालते, पाणी जरा लवकर उतरतं एवढंच. आणि सुई आमच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत लागलेली नाही. कॉफी झाल्या झाल्या भांडं धुवायचं, वाळू द्यायचं नाही.

बिनसाखर
वऱ्हाडी पाहुण्यांना हसू नका. ते सांगताहेत त्याच पद्धतीनं जगभरचे कॉफी पारखणारे लोक मालाची चव घेतात. वाटीत भरड पावडर, वर गरम पाणी, चार मिनिटं स्वस्थ, मग वर आलेला थर चमच्यानं मोडायचा. ते गाळतसुद्धा नाहीत. फ्रेंच प्रेस म्हणजे तरी काय? हाच गंज, फक्त काचेचा, आणि फडक्याच्या जागी दांड्याला लावलेली जाळी.

कडूगोडताई, साधनांचे मुळात तीनच प्रकार आहेत. पावडर पाण्यात भिजत ठेवायची (फ्रेंच प्रेस, गंज), पावडरीवरून पाणी झिरपू द्यायचं (फिल्टर, व्ही-६०), किंवा दाबानं पाणी पावडरीतून ढकलायचं (मोका, कॅफेतली मशीन). एरोप्रेसमध्ये आधी भिजवतात, मग ढकलतात. भिजवण्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं. झिरपवण्यात हाताला सवय लागते. दाब आला की दळण किती बारीक, हा प्रश्न फार नाजूक होतो.

खरा खेळ दळणाचाच आहे. घरच्या मिक्सरमध्ये बी फिरवली तर एकाच मुठीत पीठ आणि खडे दोन्ही निघतात. पीठ कडू उतरतं, खडे आंबट, आणि तो कडू-आंबट गोंधळ आपण साधनाच्या माथी मारतो. हातानं फिरवायची बरी चक्की घेतली तर तुमचं अर्धं-पाऊण बजेट तिथेच जातं. म्हणून सध्या चक्की नको. जिथून पावडर मागवाल तिथे साधन सांगून त्या मापाचं दळून घ्या, आणि एका वेळी पाव किलोच. कपाला बारा ग्रॅम धरले तर वीस कप होतात, तोवर सुगंध टिकतो. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर घेऊ नका. साधनाआधी चार-पाचशे रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. बारा ग्रॅमला एकशे ऐंशी मिली पाणी, म्हणजे एकास पंधरा, इथून सुरुवात करा. पाणी उकळल्यावर अर्धा-एक मिनिट थांबलात की ९० ते ९६ अंशांत येतं, तेवढं बास.

शनवारपेठ
नागपुरात पाणी उकळायला गॅस कशाला? मे महिन्यात पातेलं गच्चीवर ठेवा.

संत्रासाल
आणि शनवारात पाहुण्याला "कॉफी पिऊनच आला असाल" म्हणतात, त्यामुळे तिथे तर साधनच लागत नाही.

बाकी मे महिन्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्याकडे एप्रिलपासून गरम कॉफी बंद. नवतपात कूलरसमोर बसूनही वाफाळता कप हातात धरवत नाही. कोल्ड ब्रू करा. काचेच्या बरणीत तीस ग्रॅम भरड पावडर, पाव लिटर साधं पाणी, झाकण लावून फ्रिजमध्ये बारा ते सोळा तास. बाहेर ठेवू नका, आपल्याकडे बाहेरचं तापमान म्हणजे मंद आच. मग गाळून घ्या, दोन दिवस पुरतं. पिताना निम्मं पाणी नाहीतर दूध आणि बर्फ. त्यात आंबटपणा कमी उतरतो, त्यामुळे साखरही कमी लागते.

अजून एक खास नागपुरी. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. ग्लासात बर्फ, ताजा संत्र्याचा रस, वरून सावकाश हे कोल्ड ब्रू. ढवळायचं नाही. पहिल्यांदा ऐकून मीही नाक मुरडलं होतं.

वऱ्हाडी पाहुणा
संत्र्याच्या रसात कॉफी? बावा, संत्र्यानं तुमचं काय बिघडवलं?

मोकासक्त
सकाळी दुधाची हवी असेल तर मोका पॉटला तोड नाही. १९३३ मध्ये इटलीत बियालेत्तीनं बाजारात आणला, अजून तोच आकार चालू आहे. खालच्या भांड्यात पाणी, मधल्या गाळणीत पावडर. पाणी तापलं की वाफेच्या दाबानं पावडरीतून वर चढतं. चार-पाच मिनिटांत होते. कुणी याला एस्प्रेसो म्हणालं तर मात्र विश्वास ठेवू नका. याचा दाब जेमतेम एक-दीड बार, कॅफेतल्या मशीनचा नऊ. पण दूध घातल्यावर नांगी टाकत नाही, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

घेताना लक्षात ठेवा, "एक कप" लिहिलेला पॉट पन्नास-साठ मिली देतो. त्यात शंभर मिली दूध म्हणजे तुमचा कप. पावडर गाळणीत सपाट भरायची, दाबायची नाही. पाणी आतल्या वाल्वच्या खाली. तीन कपांचा आणून त्यात एका कपाचं करू, असं चालत नाही, गाळणी पूर्णच भरावी लागते.

कडूगोड
बिनसाखर, काटा मागवला. मोकासक्त, इंडक्शनवर चालेल का? गॅस आहे, पण सकाळी एका शेगडीवर चहा आणि दुसरीवर पोहे. शनिवारी तर तर्रीचं पातेलंही चढतं, तिथे माझा नंबर लागत नाही. पाणी तापवायला विजेची किटली आहे.

मोकासक्त
अॅल्युमिनियमचा चालत नाही. स्टीलचा चालतो, पण एक कपाच्या पॉटचा तळ एवढासा असतो की काही इंडक्शन शेगड्यांना भांडं ठेवल्याचं कळतच नाही. वरून लोखंडी तबकडी ठेवून करता येतं, वेळ जास्त लागतो. गॅसवरही मधल्या फटीत पॉट कलंडतो, जाळी ठेवावी लागते. तुमच्या घरात गॅसची मारामारी असेल तर, जड अंतःकरणानं, मोका नको म्हणतो.

डिकॉक्शनमामा
चला, एक गडी बाद.

फुटाळ्याकाठी
फ्रेंच प्रेसबद्दल कुणी बोललं नाही, मी बोलते. कॉफी झकास होते, दाट, काळी प्यायला भरपूर अंगाची. व्याप सगळा नंतरचा. भांड्याच्या तळाशी चिकटलेला चोथा सिंकमध्ये गेला की पाइप तुंबतो. आमच्याकडे प्लंबर आल्यावर घरात जे काही ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून आधी गाळणीत उलटं करून चोथा कुंड्यांना आणि मग भांडं घासायला. जाळी तीन तुकड्यांत सुटते, ती कामवाल्या मावशींवर सोपवू नका. माझा एक तुकडा गेला तो गेलाच.

दुसरं म्हणजे, कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर जपून. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, त्यानं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. कागदाच्या फिल्टरमध्ये ते बरंचसं अडकतं. फ्रेंच प्रेसच्या जाळीतून आणि उकळून केलेल्या कॉफीत सरळ कपात येतं. आमच्या ह्यांचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी कॉफी बंद करू नका, कागदातून गाळा, एवढंच सांगितलं. आता घरात दोन पद्धती.

जुनाट
तुम्ही तरुण मंडळी बार आणि अंश मोजता आहात, वाचायला मजा येते. आमच्या लहानपणी महालात कॉफी म्हणजे एकादशीला. चहा उपासाला चालायचा नाही असं आजीचं म्हणणं, कॉफी कशी चालते ते कधी कुणी विचारलं नाही. डब्यातली पोल्सनची पावडर, सायीसकट दूध, भरपूर साखर आणि सहाणेवर उगाळलेलं जायफळ. कॉफीचा वास कमी आणि जायफळाचा जास्त. पिऊन दुपारी गाढ झोप लागायची. कॉफीनं झोप उडते हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं!

मग लग्नांमध्ये ते वाफेचं मशीन आलं. फुस्स आवाज करत दूध फेसाळायचं, वर चॉकलेटची पूड भुरभुरवायची. त्याला सगळं नागपूर एस्प्रेसो म्हणायचं. मांडवाच्या कोपऱ्यात पोरांची रांग तिथेच.

शनवारपेठ
तो पुण्यातही एस्प्रेसोच. परवा कॅफेत खरा एस्प्रेसो मागवला तर सासरेबुवा कपात डोकावून म्हणाले, "बाकीचा कुठे आहे?"

मुक्काम म्हैसूर
मूळचा प्रतापनगरचा, नोकरीमुळे इकडे. चिकोरीबद्दल दोन शब्द, कारण वर तिला उगाच झोडपलंय. ती एका रोपाची मुळी, भाजून दळलेली. कॅफीन शून्य. रंग, दाटपणा आणि किंचित गोडसर कडवटपणा देते. इकडे दुकानात माप सांगून मागतात, ऐंशी-वीस, सत्तर-तीस. पहिला आकडा कॉफीचा. आपल्याकडे नियम असा की कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निम्म्याहून जास्त, किमान ५१ टक्के कॉफी हवी, आणि प्रमाण पाकिटावर छापायला हवं. म्हणून त्रेपन्न-सत्तेचाळीस असे मजेशीर आकडे दिसतात. नागपुरात किराणा दुकानात घेताना पाकीट उलटं करून ते बारीक अक्षर वाचा. दुधाच्या कॉफीला ऐंशी-वीस छान लागते, काळीला शंभर टक्के कॉफीच.

अजून एक, कॉफीच्या दोन जातींत अरेबिका म्हणजे उत्तम आणि रोबस्टा म्हणजे हलकी, असं सरसकट नाही. भारतात पिकते त्यात रोबस्टाच जास्त आहे. तिच्यात कॅफीन जवळपास दुप्पट, कडवट दम जास्त, त्यामुळे दुधात ती हरवत नाही. सकाळच्या कपासाठी थोडी रोबस्टा असलेलं मिश्रण मागा. पीबेरी लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. फळात नेहमी दोन बिया असतात, कधी एकच गोल बी धरते, तिला पीबेरी म्हणतात.

वऱ्हाडी पाहुणा
म्हैसूर-चिकमगळूरचं कौतुक करता, आपल्या इदर्भातही कॉफी पिकते हे माहीत हाय का कोणाले? चिखलदऱ्याले या. महाराष्ट्रात कॉफीचे मळे तेवढ्याच एका जागी. परतवाड्यावरून घाट चढला का थंड हवा लागते, तिथं सावलीत झाडं लावली हायेत.

ऊनसावली
खरंच? मी चिखलदऱ्याला भीमकुंड आणि गाविलगड बघून आले, कॉफी दिसलीच नाही.

बिनसाखर
खरं आहे. साताऱ्या-महाबळेश्वरकडचे लोक हे ऐकून चकित होतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे, सातपुड्याचा पाऊस, मोठ्या झाडांची सावली, म्हणजे कॉफीला हवं ते सगळं. उत्पादन फार थोडं, म्हणून नागपूरच्या दुकानांत दिसत नाही. तिकडे गेलात तर विचारून घ्या, मात्र किती दिवसांपूर्वी भाजली हे आधी विचारा. घाटातली पर्यटकी पाकिटं वर्षभर उन्हात टांगलेली असतात.

सुटकेस
मूळ प्रश्नाकडे येऊ का? एक कप, दहा मिनिटं, गॅस नाही, किटली आहे, जागा नाही. हे वर्णन एरोप्रेसचंच आहे.

अमेरिकेतल्या अॅलन अॅडलर नावाच्या माणसानं २००५ मध्ये हे आणलं. त्याआधी तो लांबवर उडणाऱ्या चकत्या बनवायचा, एरोबी त्याचीच. ड्रिप मशीनमध्ये एकाच कपाची कॉफी धड होत नाही, या वैतागातून त्यानं हे शोधलं. म्हणजे कडूगोडताई, तुमच्याच जातकुळीचा माणूस. प्लास्टिकची जाडजूड पिचकारी आहे. तळाला कागदाची गोल चकती, आत पंधरा ग्रॅम पावडर, दोनशे मिली पाणी, ढवळा, दीड-दोन मिनिटं थांबा, कपावर ठेवून सावकाश दाबा. चोथ्याची वडी टपकन कचऱ्यात पडते आणि नुसतं पाण्याखाली धरलं की स्वच्छ. पाणी शंभरच मिली घेतलं तर घट्ट उतरते, तिच्यात गरम दूध घाला. दुपारी त्याच यंत्रात काळी. कामानिमित्त मी महिन्यातून दहा-बारा दिवस बाहेर असतो, हॉटेलच्या खोलीतल्या किटलीवरही होते.

तोटेही सांगतो. मूळ कंपनीचं घेतलं तर तुमचं ताणलेलं बजेट संपतं. कागद संपले की मागवावे लागतात (धुऊन दोन-तीनदा वापरता येतात, मी वापरतो). आणि दाबताना पातळ काचेच्या कपावर ठेवू नका, जाड मगच हवा.

डिकॉक्शनमामा
चार हजारांची पिचकारी. रंगपंचमीलाही उपयोगी पडत असेल.

सुटकेस
मामा, तुमच्या फिल्टरला सुटकेसमध्ये घालून दाखवा, सांडलं नाही तर माझी एरोप्रेस तुमची.

थेंबथेंब
व्ही-६० वाला पक्ष मांडते. शंकू साठ अंशांचा म्हणून ते नाव, जपानच्या हारिओ कंपनीचा. प्लास्टिकचा घेतला तर सातशे-आठशेत येतो, आणि चिनी मातीच्यापेक्षा उष्णता बरी धरतो. कागद ओला करून घ्या, पावडर, मग आधी थोडंसंच पाणी घालून अर्धा-पाऊण मिनिट थांबा. पावडर ताजी असेल तर फुगून बुडबुडे येतात, तो भाजताना अडकलेला वायू. मग बाकीचं पाणी गोल गोल. सगळं मिळून तीन-साडेतीन मिनिटं. चोचीची किटली असली तर उत्तम, नसली तर पाणी छोट्या तांब्यात घेऊन ओता. काळ्या कॉफीची इतकी स्वच्छ चव दुसऱ्या कशात येत नाही. दुधासाठी मात्र घेऊ नका, पातळ पडते.

कागदातून कॉफी गाळायची कल्पनाही एका गृहिणीचीच बरं का. जर्मनीत मेलिटा बेंट्झनं १९०८ मध्ये मुलाच्या वहीतला टिपकागद फाडून पितळी भांड्याला लावला. चोथ्याला कंटाळली होती. पुढे त्याच नावाची कंपनी उभी राहिली.

आणि पाण्याबद्दल अजून कुणीच बोललं नाहीये. आपल्याकडे महापालिकेचं पेंच-कन्हानचं पाणी आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी यांत कॉफी अगदी वेगळी लागते. बोअरच्या जड पाण्यात चव दबते आणि किटलीत पांढरा थर धरतो. उलट आरओमधून क्षार पार काढून टाकलेलं पाणी घेतलं की कॉफी बेचव, सपाट. मी नळाचं पाणी साध्या कार्बन फिल्टरमधून घेते. तुमच्या आरओला क्षार कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर तंत्रज्ञ आल्यावर थोडा मोकळा करून घ्या.

ऊनसावली
+१. आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये बोअरचं पाणी होतं तेव्हा कुठलीही पावडर आणली तरी चव एकच. घर बदललं आणि तीच पावडर बोलायला लागली.

फुटाळ्याकाठी
ज्यांना काहीच घ्यायचं नाही त्यांच्यासाठी ड्रिप बॅगही मिळतात हल्ली. कागदी पिशवीला दोन कान असतात, ते कपाच्या काठाला अडकवायचे आणि वरून पाणी. आत दहा-बारा ग्रॅम पावडर. रोज परवडत नाहीत, पण माहेरी जाताना पर्समध्ये टाकायला छान. कडूगोड, कुठली चव आवडते हे कळायला आधी निरनिराळ्या चार बॅगा आणून बघ.

कडूगोड
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! आता माझ्याकडची खबर.

पैसे खर्च करण्याआधी वऱ्हाडी पाहुण्यांची पद्धत केली, बिनसाखर यांच्या मापानं. किटलीतलं पाणी, काट्यावर बारा ग्रॅम, स्टीलच्या छोट्या गंजात झाकून ठेवली आणि पुरणाच्या नाही, नव्या मलमलच्या फडक्यानं गाळली. काळी अप्रतिम झाली. चोथा अजिबात नाही. पण सकाळी दूध घातलं की ती कॉफी कुठल्या कुठे जाते. पाणी कमी करून पाहिलं तर पावडरच सगळं पिऊन टाकते, हाती काही लागत नाही.

रविवारी इतवारीत गेले. मामा, लहानातला लहान स्टीलचा फिल्टर मिळाला, खिशाला काही कळलंसुद्धा नाही. दुकानदारानं आधी चहाची गाळणी दाखवली, मग दुधाची, मग माळ्यावरून हे खोकं काढलं, धूळ झटकून. ऐंशी-वीस पावडर आणली आणि रात्री लावते. सकाळचं काम झालं. सासूबाई बघून म्हणाल्या, "एवढंच? मला वाटलं मशीन येणार." त्यांना ओट्यावरची जागा वाचल्याचा आनंद जास्त.

दुपारच्या काळीसाठी रोज फडकं धुणं मात्र जिवावर येतं. एरोप्रेस की व्ही-६०, असा प्रश्न उरलाय. थेंबथेंब, तुमचं गोल गोल ओतणं मला दोन कॉलच्या मध्ये जमेल असं वाटत नाही.

डिकॉक्शनमामा
🙏 इतवारीचा विजय असो.

थेंबथेंब
जमतं हो. पण कॉल चालू असताना माइक बंद करून ओता, ओतल्याचा आवाज भलताच वाटतो.

बिनसाखर
दूध फिल्टरकडे गेल्यावर एरोप्रेसचा अर्धा फायदा गेला. फक्त काळीसाठी चार हजार कशाला? साधा प्लास्टिकचा शंकू आणि कागद घ्या, आणि भिजवायचं काम आहे त्याच गंजात करा. पावडर चार मिनिटं गंजात भिजवायची, मग सगळं शंकूतल्या कागदात ओतून द्यायचं. गोल गोल ओतायची भानगड नाही, फडकं धुवायचं नाही, फुटाळ्याकाठींच्या कॅफेस्टॉलचाही बंदोबस्त. उतरायला दोन-तीन मिनिटं लागतील. त्या वेळात कॉलवर "हो, हो" म्हणत राहा.

सुटकेस
हे पटलं, नाइलाजानं. पण कुठे गावाला जाल तेव्हा आठवण येईल माझी.

कडूगोड
हे मस्त आहे! शंकू मागवते. पावडर दोन्हीला एकच चालेल का? दोन पाकिटं उघडी राहिली तर एकटीनं संपवेपर्यंत वास जाईल.

बिनसाखर
एकच नको. फिल्टरला बारीक दळण आणि चिकोरी, शंकूला मध्यम भरड आणि शुद्ध कॉफी. बारीक पावडर कागदात टाकलीत तर पाणी तुंबून बसेल. दोन पाकिटं घ्या, पण लहान. चिकोरीवाली जरा शिळी झाली तरी दूध-साखरेत खपते, काळीवाली शंभर ग्रॅमच मागवा. डबा हवाबंद, फ्रिजमध्ये नाही, गॅसच्या वरच्या फळीवरही नाही. मे महिन्यात घरातला सगळ्यात गार कोपरा शोधा.

संत्रासाल
मे महिन्यात नागपूरच्या घरात गार कोपरा सापडला तर तो आधी आम्हाला कळवा, पावडर नंतर ठेवू.

मोकासक्त
धागा संपायच्या आत माझंही एक काम करा. माझ्या तीन कपी मोकाची रबरी रिंग कडक झालीय, जोडातून वाफ गळते. नागपुरात सुटी मिळते का कुठे? ऑनलाइन एकीकडून मागवली ती सहा कपीची निघाली.

वऱ्हाडी पाहुणा
जुनी रिंग संग घेऊन कुकर-मिक्सर दुरुस्तीवाल्याकडे जा भाऊ. बर्डीवर बसतात ते. आतला-बाहेरचा घेर मोजून फूड ग्रेडची मागजा, जमली तं जमली. आन नाईच जमली तं गंज हायेच.